फोनवर बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र

नौपाडा, ठाणे

चि. सायलीस,
अनेक आशीर्वाद.

फोनवर दोन वाक्यं झाली की ओजस रडतो, नाहीतर ‘जाऊ दे गं, आता कसलं रोइंग’ म्हणून तू विषय तोडतेस. म्हणून लिहायला बसले.

वल्हवण्याच्या शर्यतीतल्या त्या ब्रिटिश हेलन ग्लोव्हरचं वेड तूच मला लावलंस. कॉलेजात होतीस तेव्हा जेवताना तेच चालायचं. 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये यजमान ब्रिटनचं पहिलं सुवर्ण तिने आणि हीदर स्टॅनिंगने आणलं, आणि रोइंगमध्ये तिथल्या बायकांना त्याआधी एकदाही सुवर्ण मिळालेलं नव्हतं. मूळची शाळेत पी.टी. शिकवणारी. 2008 मध्ये, चांगली एकविशीत, रोइंग शिकायला लागली. उंच खेळाडू निवडत होते तिथे उंची जरा कमी भरत होती, तर बाईने टाचा उचलल्या! (मला हा लबाडपणा फार आवडतो.) 2016 ला रिओत पुन्हा सुवर्ण. इथपर्यंत तुला पाठ आहे. पुढचं वाचलेलं दिसत नाहीस.

रिओनंतर तिने खेळ सोडला. आधी एक मुलगा, मग 2020 मध्ये जुळी. लॉकडाऊनमध्ये पोरं झोपली की घरातल्या रोइंग मशीनवर बसायची. त्यातून 2021 ला टोकियो गाठलं, पोली स्वानबरोबर. नंबर आला चौथा.

मला या चौथ्या नंबरचं जास्त वाटतं. घरात तीन लेकरं, पदरात दोन सुवर्णं, आणि एवढा खटाटोप करून हाती काही नाही. आपल्याकडे ‘मुलं टाकून कशाला गेली होती’ हे ऐकायला मिळालंच असतं. ती मात्र पुन्हा आली. 2024 ला पॅरिसमध्ये चौघींच्या बोटीत रौप्य मिळवलं, वयाच्या 38 व्या वर्षी. 2000 मीटर वल्हवून नेदरलँड्सची बोट पुढे राहिली ती फक्त 0.18 सेकंदांनी.

आता स्पष्ट बोलते. तू हेलन नाहीस. तिच्या पाठीशी प्रशिक्षक होते, फिजिओ होते. तुझ्या पाठीशी नेरूळचा संसार आणि पाण्याची वेळ. पदकाच्या गोष्टी मी करणार नाही. पण तुमच्या सोसायटीच्या जिममध्ये कोपऱ्यात ते रोइंग मशीन आहे ना, ज्यावर सगळे टॉवेल वाळत घालतात? मागे मी आले होते तेव्हा टॉवेल बाजूला सारून तू त्यावर बसलीस. आधी पायांनी रेटा, मग कंबर, हात सगळ्यात शेवटी. काही विसरली नव्हतीस. बाळंतपणानंतर तुझी पाठ मला तेव्हा पहिल्यांदा ताठ दिसली.

सिझर झालंय, तेव्हा आधी डॉक्टरांना विचार, त्यात घाई नको. त्यांनी हो म्हटलं की सकाळी मी ट्रान्स-हार्बरने येत जाईन. ओजसला मी बघते, तू खाली जा. निखिलने आपला डबा आपण भरावा, हात झिजत नाहीत. बाबांचा चहा बाबा करतील; साखर जास्त घालतील, पण ते वेगळं.

डॉक्टरांची वेळ कधीची मिळते ते कळव, म्हणजे भिशीचा दिवस मला पुढे ढकलता येईल. येताना नाचणीचं सत्त्व आणते. मागचं संपलं असेल तर डबा धुऊन ठेव.

तुझी,
आई