माग भाड्यानं दिलेत, विकले नाहीत

तीर्थरूप बाबा आणि आईस, सा. न.

बाबा, आधी पत्र पूर्ण वाचा, मग चिडा. दादाशी बोलून माग भाड्यानं द्यायचं ठरवलं. ठरवलं म्हणजे, दिलेच. पुढल्या महिन्यापासून अक्कलकोट रोडचे काका बघतील. शेडवरची पाटी तुमच्याच नावाची राहणार, कारागीर तेच राहणार, आणि घरखर्चाला काही कमी पडणार नाही. तुमच्याच्यानं होत नाही असं कुणी म्हटलेलं नाही. पण हृदयाचे ठोके असे चुकत असताना पहाटे पाचला शेड उघडायची काय गरज आहे?

मी राहते त्या नॉर्वेतल्या ड्रामेनमध्येच ओले एनर ब्योर्नडालेन जन्मला, 1974 साली. त्याचा खेळ बायथलॉन. पाठीवर साडेतीन किलोची रायफल घेऊन बर्फावरून स्कीवर पळत यायचं आणि छाती भात्यासारखी चालू असताना 50 मीटरवरचे पाच गोल पाडायचे. आडवं पडून नेम धरताना गोल जेमतेम 45 मिलिमीटरचा. इथं टीव्हीवर तो जुन्या शर्यतीत नेम धरताना दाखवला की मला तुम्ही आठवता, मागांच्या खडखडाटात तुटलेला धागा दोन बोटांत धरून गाठ मारणारे. बोट कधी हललं नाही तुमचं. मी तिथंच कांड्यांच्या टोपलीशेजारी गोधडीवर झोपायची, आणि माग थांबले की जाग यायची.

2002 ला सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये त्यानं चारच्या चार सुवर्णपदकं घेतली. 2014 ला सोचीत, चाळिशीत, एक नेम चुकून जादा फेरा मारावा लागला तरी स्प्रिंट ही छोटी शर्यत जिंकला. ऑलिंपिकची पदकं डझनाहून जास्त. असला हट्टी माणूस, पण 2018 मध्ये हृदयाचे ठोके अनियमित झाल्यावर निवृत्ती जाहीर केली. पुढच्या वर्षी चीनच्या संघाला शिकवायला गेला. घरी बसला नाही, हे मुद्दाम सांगतेय. तुम्हीही आठवड्यातून दोनदा शेडवर जा, पोरांना डिझाइन समजावून सांगा. खुर्चीवर बसून.

आई, त्यांची रक्त पातळ करायची गोळी रोज एकाच वेळी दे, तू स्वतः. दंडावरचा काळानिळा डाग ‘काही नाही’ म्हणून झाकतील. तू डॉक्टरांना दाखव. शेंगाचटणी दे, पण मीठ बेतानं. तुझा गुडघाही दाखवून घे, त्यांच्या मागं लपू नकोस.

गड्ड्याच्या यात्रेला मी येतेय. तोवर गच्चीचा जिना बंद. किल्ली शेजारच्या काकूंकडे ठेवायला दादाला सांगितलंय, मागून बघू नका.

तुमची,
छकुली