जमिनीतून धूर येतो ते गाव

मॅनहॅटन, कॅन्सस
ऑगस्टचा पहिला आठवडा

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही म्हणालात, "वाड्यात आता आम्ही तिघंच, बाकी सगळ्या खोल्यांना कुलपं." मला काही बोलायलाच सुचलं नाही. आदल्याच दिवशी मी एका गावाला जाऊन आले होते. तिथे तर आपल्या गल्लीएवढीही माणसं राहत नाहीत. ते सगळं फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून सविस्तर लिहिते.

गावाचं नाव निकोडिमस. आमच्या विद्यापीठापासून पश्चिमेला गाडीने तीन तास, २४ नंबरचा हायवे धरून. पहिल्यांदा टेकड्या आणि झाडी लागते. मग झाडं विरळ होत जातात आणि शेवटी फक्त ओढ्याकाठी उरतात. पुढे नुसतं माळरान, वर आभाळ आणि दिवसभर वारा. पाऊस वर्षाला वीस-बावीस इंच, तोही आपल्यासारखाच बेभरवशाचा. गहू काढून झाला होता, रानात नुसती धसकटं होती. आणि त्याला लागूनच ज्वारी! रोज विद्यापीठाच्या शेतातल्या प्लॉटवर ज्वारीच बघते मी, तरी गाडी थांबवून खाली उतरले. पोटरीत आली होती, पण कमरेएवढीच. इथे मशीनने कापतात, कडब्याचं कुणाला काही नसतं, म्हणून वाणं सगळी बुटकी. दाणा तांबूस. याला 'मायलो' म्हणतात आणि ती गुरांना नाहीतर इथेनॉलला जाते. मालदांडी ज्वारीच्या गावची मी, मला ते ऐकून दर वेळी वाईट वाटतं.

आता गावाची गोष्ट. इथली गुलामगिरी १८६५ मध्ये कायद्याने संपली, पण दक्षिणेकडच्या राज्यांत काळ्या माणसांना जमीन मिळेना आणि मारहाण, दहशत थांबेना. सरकारचा १८६२ चा कायदा होता: पश्चिमेला जाऊन पाच वर्षं राहून जमीन कसली तर १६० एकर तुमची. त्या आशेवर १८७७ मध्ये केंटकी राज्यातून काही कुटुंबं निघाली. गाव वसवणाऱ्या कंपनीत डब्ल्यू. आर. हिल नावाचा एक गोरा दलाल आणि डब्ल्यू. एच. स्मिथ हे काळे पाद्री होते. त्यांनी सुपीक जमिनीचं, शिकारीचं फार गोड वर्णन केलं होतं. सप्टेंबरात तीनशेच्या आसपास माणसं आली. एलिस या स्टेशनपर्यंत रेल्वे, आणि तिथून पुढे पन्नास-पंचावन्न किलोमीटर पायी, पोरंबाळं आणि भांडीकुंडी घेऊन.

दुसऱ्या वर्षी वसंतात आणखी एक जथा आला. त्यात विलियाना हिकमन नावाची बाई होती. चालून चालून थकलेली. पुढे कुणीतरी ओरडलं, "ते बघा निकोडिमस!" तिला घर दिसेना. तिने विचारलं, "कुठाय?" नवऱ्याने बोट दाखवलं. जमिनीतून धूर येत होता. माणसं जमिनीत खणलेल्या खड्ड्यांत राहत होती. ती बाई तिथेच रडायला लागली.

आबा, ज्या माळावर तिला तो धूर दिसला असेल, त्याच माळावर मी उभी राहिले. लाकूड नाही, दगड लांब नदीकडे. म्हणून उतारात खड्डा खणायचा, वर फांद्या, गवत आणि माती टाकायची, आत चूल. बैल-घोडे कुणाकडे जवळजवळ नव्हतेच. कुदळ-फावड्याने त्यांनी गवताची ती चिवट, कधी न फोडलेली जमीन फोडली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांनी त्यांना मांस दिलं, म्हणून जगलो, असं गावात अजून सांगतात. ज्यांची स्वतःची जमीन हिसकावली जात होती, त्यांनी हे केलं.

मग हळूहळू गाव उभं राहिलं. शाळा, चर्च, हॉटेल, दुकानं, दोन वर्तमानपत्रं. इथले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्ससचे ऑडिटर म्हणून निवडून आले. म्हणजे सबंध राज्याने एका काळ्या माणसाला मतं दिली. सगळ्यांना वाटत होतं, आता रेल्वे आली की झालं. १८८७ मध्ये गावाने रेल्वेसाठी १६,००० डॉलरचे रोखे मंजूर केले. ती कंपनी आलीच नाही. १८८८ मध्ये दुसऱ्या कंपनीने रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या पलीकडून. काही दुकानदारांनी दुकानंच उचलून नदीपार नेली. तिथे बोग नावाचं गाव वसलं आणि निकोडिमस मागे पडलं. आपल्या मंगळवेढ्याकडच्या पस्तीस गावांच्या पाण्यासाठी तुम्ही मोर्च्याला जायचात आणि रात्री परत येऊन ओट्यावर गप्प बसायचात, ते मला तिथे उभी असताना आठवलं.

त्यानंतर १९३० च्या दशकात दुष्काळ आणि धुळीची वादळं आली. १९५३ मध्ये पोस्ट बंद झालं, १९६० मध्ये शाळा. १९९६ मध्ये सरकारने गावाला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ केलं, त्यामुळे जुन्या पाच इमारती राखल्या जातात. टाउनशिप हॉल १९३९ चा, पिवळसर चुनखडीच्या दगडाचा. उन्हात त्या भिंतीला हात लावला तर तापलेल्या तव्यासारखी लागते.

पण जुलैच्या शेवटच्या शनिवार-रविवारी तिथे जत्रा भरते. मुक्तीचा उत्सव, १८७८ पासून चालत आलेला. त्या दिवशी डेन्व्हर, कॅन्सस सिटी, कॅलिफोर्निया, कुठून कुठून माणसं येतात. पणतू-खापरपणतू, एकेका घराण्याचे सारख्या रंगाचे शर्ट घालून. मिरवणूक निघते, चर्चमध्ये गाणी होतात, पंगती बसतात. आपल्या दामाजीपंतांच्या गावात जत्रेला मुंबई-पुण्याहून माणसं येतात ना, अगदी तशीच गळाभेट आणि "हा कुणाचा गं?" अशीच विचारपूस.

मी कॅन्सस सिटीतल्या दुकानातलं पीठ आणून भाकऱ्या थापून नेल्या होत्या, बरोबर शेंगाची चटणी. हॉलच्या सावलीत एक म्हातारी आजी शेजारी बसली होती. हे काय, म्हणाली. मायलोची भाकरी, म्हटलं. तिने ती दोन्ही हातांत धरून उलटीपालटी केली, पापुद्रा नखाने उचलून पाहिला, वास घेतला. तिचे वडील मायलो गुरांसाठी पेरायचे. खाताना चटणीने डोळ्यांत पाणी आलं, तरी चतकोर संपवली तिने. मी सांगितलं की ज्वारी मुळात आफ्रिकेतली, हजारो वर्षांपूर्वी आमच्याकडे आली. ती बराच वेळ हातातल्या तुकड्याकडे बघत राहिली. मग पर्समधून एक वही काढली. त्यात तिच्या घराण्यातल्या, केंटकीहून आलेल्या सगळ्यांची नावं होती, कुणी कुठे खड्डा खणला ते चितारलेलं होतं. वही तिच्या आईने लिहिली होती.

मला ते बघून चुटपुट लागली. आपली मळ्यातली विहीर बहात्तरच्या दुष्काळात खणली, एवढंच मला माहीत आहे. कोण कोण खणायला होतं, पाणी किती हातांवर लागलं, दगड कुठून आणला, हे आजीला ठाऊक आहे. तुम्ही रोज संध्याकाळी तिच्याजवळ बसून थोडं थोडं लिहून घ्या. माझ्या कपाटात बारावीची कोरी वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची. आजीला नीट आठवत नसेल तर घाई करू नका, सकाळी विचारा, सकाळी तिला जास्त आठवतं.

मी जानेवारीत येते आहे, हुरड्याला. चुलत्यांनाही पुण्याहून बोलवा, मी त्यांना फोन करते. एक-दोन खोल्यांची कुलपं काढून झाडून ठेवा.

आईला आणि आजीला नमस्कार. आईला सांगा, भाकरी आता गोल येते.

तुमची,
माई