वारज्याच्या फ्लॅटबद्दल

लेस्टर, 16 नोव्हेंबर 2025

ती. आई-बाबांना सा. न.

काल फोनवर फ्लॅटच्या विक्रीवरून माझा आवाज चढला, चुकलंच. बाबा, "फ्लॅट इकडचा, पैसे इकडचे, तिकडे सांगायचंच कशाला?" असं तुम्ही म्हणालात आणि माझं डोकं फिरलं. मी इथली, ब्रिटनची रहिवासी आहे. घर पुण्यात वारज्यातलं असो नाहीतर आफ्रिकेतलं, विकून झालेला नफा मला इथे दाखवावाच लागतो. शिवाय आमच्यासारख्यांच्या खात्यांची माहिती भारतातल्या बँकांकडून सरकारमार्फत इकडे येतेच. तेव्हा तो विषय बंद.

पण दोनदा कर जातो, हे मात्र खरं नाही. तुम्हाला आकड्यांशिवाय पटत नाही, म्हणून आकडे मांडते. 2009 साली 30 लाखांना घेतला, आता बोलणं 78 लाखांचं चाललंय. स्टॅम्प ड्युटी, दलाली बाजूला ठेवली तर नफा 48 लाख. त्यावर भारतात साडेबारा टक्के, वर त्या कराच्या 4 टक्के सेस (उपकर), म्हणजे 6 लाख 24 हजार. महागाईच्या इंडेक्सने खरेदीची किंमत वाढवून धरून 20 टक्क्यांनी भरायची मुभा आहे ती तिथल्या रहिवाशांना, मला नाही.

इथे हिशेब पौंडात होतो आणि तिथेच गंमत आहे. घेतला तेव्हा पौंड 75 रुपयांच्या आसपास होता, आता 117 आहे. म्हणजे घेतला 40 हजारांना, विकणार 66 हजार 670 ला. रुपयांत अडीचपटीच्या वर गेलेलं घर पौंडांत पावणेदोन पटही झालं नाही! नफा 26 हजार 670, त्यातले 3 हजार माफ, उरलेल्यावर माझ्या पगाराच्या टप्प्याला 24 टक्के, म्हणजे 5,680 च्या आसपास. भारतात भरलेले 5,330 त्यातून वजा होतात. राहिले साडेतीनशे पौंड. एवढ्यासाठी आपण अर्धा तास भांडलो.

आता तुमचे लाडके, कर वाचवायचे बाँड. सहा महिन्यांच्या आत 50 लाखांपर्यंत घालता येतात, पाच वर्षं अडकतात, आणि भारतातला कर वाचतो, कबूल. पण इथलं सरकार ती सूट मानत नाही. तिथे काही भरलंच नाही तर इथे वजा काय करणार? सगळे 5,680 पौंड इथेच मोजायचे, आणि पैसे पाच वर्षं अडकलेले ते वेगळेच. आई, साताऱ्यात छोटासा फ्लॅट घेऊन ठेव म्हणतेस, त्याचंही हेच. हौस म्हणून घ्यायचा तर घेऊ, कर वाचवायला नको.

मला खरी काळजी टीडीएसची आहे, म्हणजे गिऱ्हाईक पैसे देतानाच जो कर कापून सरकारकडे भरतं त्याची. गिऱ्हाईक म्हणतंय, "एक टक्का कापतो, मोकळे होऊ." तो एक टक्का विकणारा भारतात राहणारा असेल तर. माझ्या बाबतीत नफ्यावर नाही, अख्ख्या 78 लाखांवर कापावं लागेल, सेस-सरचार्ज धरून 11 लाखांच्या वर. जास्तीचे परत मिळतात, पण रिटर्न भरून वाट बघत बसल्यावर. म्हणून आयकर खात्याकडे अर्ज करून कमी टीडीएसचा दाखला आधी काढायचा. सीएंनी कागद मागितलेत. दाखला हातात येईपर्यंत टोकन घेऊ नका, माणूस कितीही गोड बोलला तरी. मुखत्यारपत्र मी इथून अपोस्टिल (परदेशात चालणारा सरकारी शिक्का) करून कुरिअरने पाठवते. ते मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरून घ्यायचा, विसरू नका.

आणि एक. 2014 साली गॅलरी बंद करून घेतली, ओटा बदलला, त्याचे तुमच्या वहीत निळ्या शाईने 2 लाख 40 हजार लिहिलेत. तो खर्च नफ्यातून वजा धरता येतो, पण पावत्या हव्यात. (रंगाचा खर्च धरत नाहीत. दोनदा काढलात हो रंग!) त्या पावत्या वारज्याच्या माळ्यावर, खारीच्या डब्यात आहेत असं आई म्हणते. मिळाल्या तर भारतातल्या करात 31 हजार वाचतील. लिफ्ट बंद असेल तर 31 हजारांसाठी चार मजले चढू नका, खालूनच परत फिरा. आणि स्टुलावर तुम्ही चढायचं नाही, वॉचमनच्या मुलाला सांगा.

तुमची,
ताई