37 फेज आणि पावणेअकराची बस

डब्लिन, 2 नोव्हेंबर 2023

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
पुणे

विषय: 14 ऑक्टोबर 2023 रोजीचा पॅरिस सहलीतला आयर्लंड-न्यूझीलंड रग्बी सामना संपण्याआधी प्रवाशांना स्टेडियमबाहेर काढल्याबद्दल तक्रार आणि आपल्या उत्तरास हरकत

महोदय / महोदया,
स.न.वि.वि.

माझ्या पहिल्या ईमेलला आपले उत्तर मिळाले. सामना 80 मिनिटांचा, त्यातली 6 मिनिटे आम्हाला पाहता आली नाहीत, म्हणजे साडेसात टक्के. पावतीवर ‘सामना प्रवेश’ या सदरात माणशी 42,000 रुपये आहेत, त्याचे साडेसात टक्के 3,150 होतात. माझे आणि वडिलांचे मिळून 6,300 रुपये ‘सदिच्छा म्हणून’ परत देण्याची तयारी आपण दाखवली आहे. सोबत पुढच्या सहलीसाठी सवलतीचे कूपनही आहे.

गणित बरोबर आहे. पण रग्बीचा सामना कापडासारखा वारावर मोजून विकता येत नाही, म्हणून हे पत्र. ते लांबणार आहे, कारण आपल्या टूर मॅनेजरला निघण्याआधी पुण्यात जे सांगायला हवे होते, ते आता मला लिहावे लागते आहे.

आधी बुकिंगबद्दल. मी डब्लिनमध्ये चौदा वर्षे आहे. माझी मुलगी इथल्या क्लबात दर रविवारी चिखलात लोळून येते आणि तिला आयर्लंडखेरीज दुसरा संघ माहीत नाही. मलाही आता नाही. मे महिन्यात आपल्या जाहिरातीत ‘पॅरिस दर्शन + रग्बी विश्वचषक क्वार्टर फायनल’ वाचले, तेव्हा तारीख निवडताना मी जुगारच खेळलो. स्पर्धेचे गट डिसेंबर 2020 मध्येच ठरले होते, खेळ सुरू व्हायच्या पावणेतीन वर्षे आधी. त्यामुळे आयर्लंड, दक्षिण आफ्रिका, न्यूझीलंड आणि यजमान फ्रान्स हे चौघे तगडे एकाच बाजूला येऊन पडले. आमच्या गटातला पहिला संघ 14 तारखेला खेळणार, दुसरा 15 ला, दोन्ही सामने साँ-दनीच्या स्ताद द फ्रान्सवर. मी 14 तारीख घेतली, म्हणजे आयर्लंड दक्षिण आफ्रिकेला मागे टाकेल यावर पैसे लावले. 23 सप्टेंबरला आमच्या पोरांनी त्यांना 13-8 ने हरवले आणि 7 ऑक्टोबरला स्कॉटलंडला 36-14 ने. माझी तारीख बरोबर निघाली. यात आपला काही वाटा नाही, पण आनंद इतका झाला होता की आपल्यालाही मनातून धन्यवाद दिले होते.

आपली कंपनी निवडली ती वडिलांसाठी. आबा 74 वर्षांचे, सांगलीत राहतात. मराठी बोलणारा सोबती, शाकाहारी जेवण, मुंबईहून ग्रुपबरोबर थेट पॅरिस आणि मी डब्लिनहून तिथे येऊन भेटायचे, ही सोय चांगली वाटली. फ्रान्सच्या व्हिसाचे काम आपल्या माणसांनी चोख केले, तेही नमूद करतो.

हॉटेल ‘पॅरिसमध्ये’ म्हणून सांगितले होते, ते विमानतळाशेजारी रोआसीला निघाले. शेजारी-शेजारी कबूल केलेल्या खुर्च्या एकामागे एक मिळाल्या. यावर मी भांडत नाही. आपण वाटलेल्या टोप्यांबद्दल मात्र एक वाक्य लिहितोच. त्या काळ्या होत्या. न्यूझीलंडच्या संघाला जग ‘ऑल ब्लॅक्स’ म्हणते. हिरव्या जर्सीवर काळी टोपी घातलेला माझा बाप बघून मागच्या रांगेतल्या कॉर्कच्या माणसाने विचारले, ‘तुमच्या घरात दोन पक्ष आहेत का?’

आता त्या रात्रीबद्दल. सामना नऊ वाजता सुरू झाला. आपल्या छापील कार्यक्रमात असे आहे: ‘9.00 ते 10.35 रग्बी सामना. 10.45 बस प्रस्थान.’ म्हणजे 80 मिनिटे अधिक 15 मिनिटांचे मध्यंतर. ज्याने हे टाइप केले त्याने आयुष्यात रग्बीचा एकही सामना पाहिलेला नाही हे मी शपथेवर सांगतो. कोणी जखमी झाले की घड्याळ थांबते. पंच पडद्यावर रिप्ले बघायला गेले की थांबते. आणि मुख्य म्हणजे 80 मिनिटे भरली तरी खेळ संपत नाही. चेंडू मैदानाबाहेर जाईपर्यंत, कोणाच्या हातून निसटेपर्यंत किंवा चूक होईपर्यंत चालू राहतो. चेंडू हातात आहे तोवर हरणाऱ्या संघाला आशा आहे. सगळी मजा त्यात आहे.

हे आबांना समजावून सांगावे लागले नव्हते. सत्तरच्या दशकात ते सांगलीत मंडळाकडून कबड्डी खेळायचे. 2022 च्या जुलैत ते माझ्याकडे डब्लिनला होते, तेव्हा आयर्लंडने न्यूझीलंडमध्ये जाऊन मालिका 2-1 ने जिंकली. तिथल्या भूमीवरचा आयर्लंडचा तो पहिलाच मालिका विजय. सकाळी आठला चहा घेऊन आम्ही टीव्हीपुढे बसायचो. दुसऱ्याच सामन्यात ते म्हणाले, ‘अरे, ही तर चढाई. दम सुटत नाही तोवर चालू.’ त्यांच्या काळी चढाई घड्याळावर नव्हती, दमावर होती. तेव्हापासून त्यांचा आवडता खेळाडू आयर्लंडचा जॉनी सेक्स्टन. 38 वर्षांचा, म्हणजे या खेळात म्हाताराच. विश्वचषकानंतर निवृत्त होणार हे त्याने आधीच जाहीर केले होते, म्हणजे हरलो तर त्याचा तो शेवटचा सामना होता. त्याला बघायला ते आले होते. आयफेल टॉवर त्यांनी बसमधूनच पाहिला आणि ‘बरा आहे’ म्हणाले.

सुरुवातीला न्यूझीलंडच्या खेळाडूंचा हाका नाच झाला तेव्हा आमचे खेळाडू समोर 8 च्या आकड्यात उभे राहिले. आबांनी कारण विचारले. मी सांगितले की अँथनी फोली नावाचा आपला आठ नंबरचा खेळाडू आणि प्रशिक्षक 2016 मध्ये याच पॅरिसमध्ये गेला. त्याच्यासाठी संघ तेव्हा शिकागोत असाच उभा राहिला होता आणि त्या दिवशी आयर्लंडने न्यूझीलंडला पहिल्यांदा हरवले. आबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काळीच होती, पण काढली.

सामना कसा झाला ते आपल्या कार्यालयात कोणी पाहिले असेल असे वाटत नाही. पहिल्या वीस मिनिटांत आम्ही 13-0 ने मागे. मग आमच्या बंडी आकीचा ट्राय, म्हणजे चेंडू गोलरेषेपार जमिनीला टेकवून मिळवलेले गुण. मध्यंतराला एकाच गुणाने मागे, 18-17. पुन्हा 25-17 ने मागे, पुन्हा त्यांच्या नियमभंगाबद्दल पेनल्टी ट्राय मिळून 25-24. मग त्यांची पेनल्टी, 28-24. बहात्तराव्या मिनिटाच्या सुमारास आमचा केलेहर गोलरेषेच्या पार पोहोचला होता आणि जॉर्डी बॅरेटने स्वतःचे अंग खाली घालून चेंडू जमिनीला टेकू दिला नाही. एका हाताचे अंतर. आयर्लंड विश्वचषकात या फेरीच्या पुढे कधीच गेलेला नाही. याआधी सात वेळा इथवर येऊन सात वेळा घरी परतला होता. आणि या वेळी तर लागोपाठ 17 सामने जिंकून, जगात पहिल्या क्रमांकावर बसून आलेला.

नेमक्या त्याच वेळी आपल्या टूर मॅनेजर पायऱ्या चढून आल्या आणि म्हणाल्या, ‘चला, बस लागली. काका, पाचेक मिनिटंच राहिलीत, हायलाइट्स मोबाईलवर दिसतात.’

मी नाही म्हणालो. आबा तर जागचे हललेच नाहीत. तेव्हा त्यांनी सांगितले की न येणाऱ्यांनी स्वतःची सोय करावी. तशी सोय मी केलीही असती, आरईआर गाडीचे स्टेशन तिथून पायी अंतरावर आहे. पण आबांचा पासपोर्ट ‘सुरक्षिततेसाठी’ पहिल्याच दिवशी आपण काढून घेतला होता आणि रात्रीच्या रक्तदाबाच्या गोळ्या बसमधल्या पिशवीत होत्या, कारण पिशवी स्टेडियममध्ये नेऊ नका अशी आपलीच सूचना होती. म्हणून उठलो.

त्या मुलीवर माझा राग नाही. वय पंचविशीच्या आत, फोन सारखा वाजत होता आणि पलीकडून पुण्याच्या ऑफिसातले कोणी तरी, तिथे मध्यरात्र उलटून दोन वाजलेले असताना, चालकाच्या जादा तासांवरून तिला झापत होते. हे मी कानाने ऐकले आहे. तिच्या पगारातून काही कापले असेल तर ते आधी परत करा.

बस वीस मिनिटांच्या अंतरावर उभी होती. आबांना दंडाला धरून मी चालत होतो आणि दुसऱ्या हातात फोन. डब्लिनच्या क्लबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मित्र फेज मोजत होता. एक फेज म्हणजे आपला माणूस चेंडू घेऊन घुसतो, खाली पाडला जातो, त्याच्यावर दोन्हीकडची माणसे जुंपतात आणि चेंडू मागे निघून पुन्हा पुढच्याच्या हातात जातो. पाच-सहा झाल्या की छाती फुटायची वेळ येते. फोनवर आकडे येत होते. 14. 19. 22. घड्याळात 80 मिनिटे पूर्ण, चेंडू अजून आपल्याकडे. 28. आबा विचारत होते, ‘किती झाले?’ 33. मागे स्टेडियम आमच्या डोक्यावरून गरजत होते. 36. 37. मग मोठा आवाज झाला. आवाजावरून कोण जिंकले ते कळत नाही, दोन्हीकडचे लोक तेवढ्याच जोराने ओरडतात. फोनवर बराच वेळ काही आले नाही, आणि त्यावरून कळले.

पाच मिनिटांहून जास्त वेळ आयर्लंडने चेंडू सोडला नव्हता. शेवटी न्यूझीलंडकडून राखीव म्हणून उतरलेल्या सॅम व्हाइटलॉकने पडलेल्या माणसावर वाकून चेंडू असा पकडला की सोडवता येईना, आणि पंच वेन बार्न्स यांनी त्यांना पेनल्टी दिली. 28-24. सेक्स्टन शेवटपर्यंत मैदानात होता. हे मला दुसऱ्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत मोबाईलवर दिसले. टूर मॅनेजरचे म्हणणे खरे होते, हायलाइट्स दिसतात.

आणि आपली पावणेअकराची बस 11.35 ला निघाली. पाच प्रवासी आले नव्हते. ते उठलेच नाहीत. त्यांनी सामना पूर्ण पाहिला आणि बसमध्ये चढताना आमच्याकडे बघायचे टाळले.

इथपर्यंतचे सगळे मी 6,300 रुपयांत गिळलेही असते. आपल्या उत्तरातले तिसरे वाक्य मात्र गिळता येत नाही. ‘ग्रुपमधील ज्येष्ठ प्रवाशांच्या चालण्याचा वेग लक्षात घेऊन सर्वांना वेळेआधी निघावे लागले.’ बुकिंग आबांच्या ईमेलवर असल्याने हे उत्तर त्यांनाही गेले. त्यांनी ते चष्मा लावून दोनदा वाचले असे आई सांगते. फोनवर मला एवढेच म्हणाले, ‘माझ्या गुडघ्यामुळं तुझी मॅच गेली बघ.’ जे उठले त्यांच्यात सर्वांत शेवटपर्यंत नकार देणारा माणूस तो होता. शेवटच्या पाच मिनिटांची लिंक मी त्यांना पाठवली आहे. निळी खूण आली, उत्तर आलेले नाही.

त्याच आठवड्यात आपल्याच क्रमांकावरून मला मेसेज आला की फायनलच्या सहलीच्या काही जागा शिल्लक आहेत. ही आपली ग्राहक सेवा.

माझ्या मागण्या अशा. दोघांचे ‘सामना प्रवेश’ शुल्क, 84,000 रुपये, पूर्ण परत मिळावे. आम्ही जे विकत घेतले ते सामन्याचा शेवट धरून होते, आणि आपण तेवढाच काढून घेतला. दुसरे, आबांच्या नावे, सांगलीच्या पत्त्यावर, मराठीत, कागदावर पत्र जावे की लवकर निघण्याचा निर्णय कंपनीचा होता आणि त्याचा त्यांच्या वयाशी किंवा चालण्याशी काही संबंध नव्हता. ईमेल नको. तिसरे, प्रवाशांचे पासपोर्ट काढून घेण्याची पद्धत बंद करावी. आणि पुन्हा कधी खेळाची सहल काढलीत, तर बसची वेळ ‘सामना संपल्यावर 45 मिनिटांनी’ अशी लिहावी, घड्याळाचा आकडा घालू नये.

15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार सांगली जिल्हा ग्राहक आयोगाकडे आबांच्या नावे तक्रार दाखल करू. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात दावा लावता येतो आणि पाच लाखांपर्यंतच्या मोबदल्याला शुल्क लागत नाही, हे वकिलांकडून विचारून घेतले आहे. पैशांबाबत तडजोडीला मी तयार आहे. आबांच्या पत्राबाबत नाही.

पावतीची प्रत, छापील कार्यक्रम आणि आपल्या उत्तराची प्रत सोबत जोडली आहे. काळ्या टोप्या दोन होत्या. माझी या पाकिटात परत पाठवत आहे. आबांची त्यांनी ठेवून घेतली आहे, उन्हात बरी पडते म्हणतात.

कळावे,
आपला ग्राहक