पदवी म्हणजे परवाना नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वैद्यकीय शिक्षणाविषयीच्या बहुतेक बातम्या प्रवेश परीक्षेपासून सुरू होतात आणि प्रवेशयादीपाशी संपतात. तिथून पुढे विद्यार्थ्याचा डॉक्टर कसा होतो, याविषयी वाचकांच्या मनात बराच गोंधळ असतो आणि त्यात पदव्यांच्या नावांचा वाटा मोठा आहे.

‘एमबीबीएस’ ही आपण एकच पदवी मानतो; वास्तविक त्या आद्याक्षरांत वैद्यक आणि शल्यक्रिया अशा दोन स्नातक पदव्या आहेत. इंग्लंडात एके काळी वैद्य विद्यापीठात शिकत आणि शल्यविशारद उमेदवारी करून तयार होत, त्या विभागणीची ही खूण. आयर्लंडमध्ये तर प्रसूतिशास्त्राची तिसरी पदवीही तिला जोडलेली असते. ‘एमडी’चा घोळ याहून मोठा. भारतात ही एमबीबीएसनंतरची विशेषज्ञाची पदवी, ब्रिटनमध्ये सहसा संशोधनाची, तर अमेरिकेत डॉक्टरकीची पहिलीच पदवी; मात्र तिथे तिच्या चार वर्षांआधी साधारणतः चार वर्षांचे महाविद्यालयीन शिक्षण झालेले असते. तेव्हा परदेशातून ‘एमडी’ होऊन आलेल्या तरुणाला शेजारीपाजारी विशेषज्ञ समजू लागले, तर दोष त्यांचा नाही.

जर्मनीची रीत मला अधिक सरळ वाटते. तिथे सहा वर्षांचा अभ्यासक्रम, ज्याचे शेवटचे वर्ष रुग्णालयात जाते, आणि राज्य परीक्षा पूर्ण करणाऱ्याला व्यवसायाचा परवाना मिळू शकतो. पण ‘डॉक्टर’ ही उपाधी लावायची असेल, तर वेगळा प्रबंध सादर करावा लागतो. रुग्ण तपासण्याचा अधिकार ही एक गोष्ट आणि विद्यापीठाने दिलेला मान ही दुसरी, हा भेद त्यात स्पष्ट राहतो. आपल्याकडे मात्र अंतिम परीक्षेचा निकाल लागताच नावाआधी ‘डॉक्टर’ लागते, जरी साडेचार वर्षांच्या अभ्यासानंतरची एक वर्षाची आंतरवासिता, म्हणजे रुग्णालयातील इंटर्नशिप, अजून व्हायची असते आणि तोवर डॉक्टर म्हणून नोंदणी तात्पुरतीच असते. ब्रिटनमध्येही पदवीनंतरचे पहिले वर्ष समाधानकारकरीत्या पार पडल्याशिवाय पूर्ण नोंदणी होत नाही.

या वर्षाला औपचारिकता समजणे घातक आहे. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ अब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका आणि कॅनडातील 155 वैद्यकीय शाळांची पाहणी करून 1910 मध्ये अहवाल दिला, तेव्हा त्यांची एक मोठी तक्रार हीच होती की अनेक ठिकाणी विद्यार्थी व्याख्याने ऐकून पदवीधर होत आणि रुग्णांशी त्यांचा संबंध नाममात्र येई. हृदयविकाराची लक्षणे पाठ असणे निराळे आणि रात्रपाळीत छातीत दुखते म्हणून एकाच वेळी आलेल्या दोघांपैकी आधी कोणाकडे धावायचे, हे ठरवणे निराळे. हे दुसरे ज्ञान वरिष्ठांच्या नजरेखाली, चुका वेळीच पकडल्या जात असतानाच येते. मी वर्गात कितीही जीव तोडून शिकवले, तरी ते तिथे देता आले नाही.

म्हणून विनंती अशी की, वैद्यकीय अभ्यासक्रमाची माहिती छापताना आपण केवळ वर्षे आणि पदवीचे नाव न देता, ती पदवी मिळाल्यावर कोणती परीक्षा, किती काळाची आंतरवासिता आणि कोणती नोंदणी शिल्लक राहते, हेही त्याच चौकटीत द्यावे.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अध्यापक