नवजात अतिदक्षता कक्षाच्या दारावर एक लेखी नियम हवा : मा. आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

महोदय,

सविनय नमस्कार.

मी गोराईचा, ईस्ट इंडियन कॅथलिक, म्हणजे मुंबई परिसरातल्या मूळच्या ख्रिस्ती समाजातला. आमच्या घरात मराठी बोलतात, आणि देवाजवळ काही मागायचे झाले तर तेही आम्ही मराठीतच मागतो. गेल्या वर्षी मे महिन्यात आमची मुलगी तिसाव्या आठवड्यात जन्मली. तेव्हा तिचे वजन १ किलो १८० ग्रॅम होते, आणि पुढचे ५३ दिवस ती मुंबईतल्या एका मोठ्या सार्वजनिक रुग्णालयाच्या नवजात अतिदक्षता कक्षात होती. रुग्णालयाचे नाव मी लिहीत नाही, कारण तिला वाचवणाऱ्या डॉक्टरांविषयी माझी काडीचीही तक्रार नाही, आणि जिच्याविषयी पुढे लिहिणार आहे त्या परिचारिकेच्या नोकरीवर माझ्या पत्रामुळे बालंट येऊ नये. माझे म्हणणे एवढेच आहे की अत्यवस्थ बाळाजवळ त्याच्या आईबापांना आणि त्यांच्या धर्मगुरूला जाऊ द्यायचे की नाही, हे आज ज्याची त्या वेळी दारावर ड्यूटी असेल त्याच्या मर्जीवर ठरते, आणि ते लेखी नियमाने ठरायला हवे.

तिची फुप्फुसे कच्ची होती. फुप्फुसे उघडी राहावीत म्हणून नळीतून सर्फॅक्टंट हे औषध दिले, मग नाकातून दाबाने हवा देणारा सीपॅप लावला, आणि आठव्या दिवशी रक्तात जंतुसंसर्ग निघाला. ती सगळे दिवस काचेच्या पेटीत होती. पायाला बांधलेल्या पट्टीवर तिच्या आईचे नाव होते, कारण तिला स्वतःचे नावच नव्हते; आमच्याकडे नाव बाप्तिस्म्याच्या वेळी ठेवतात आणि त्याला अजून अवकाश आहे असे आम्ही धरून चाललो होतो. माझी पत्नी सिझेरियनचे टाके ओले असताना दर तीन तासांनी दूध काढून वाटी दारातून आत देई आणि पुन्हा जिन्यावर येऊन बसे, कारण बसायला दुसरी जागाच नव्हती. मला दिवसातून एकदा, पास दाखवून, दहा मिनिटे काचेतून बघायला मिळे. पेटीत हात घालायची आम्हा दोघांनाही मनाई होती.

जिन्यावर बसणाऱ्यांत आम्हीच नव्हतो. नगरहून आलेल्या एका आजीने पदराच्या गाठीत अंगारा आणला होता. गोवंडीचा एक तरुण आपल्या मुलाच्या उजव्या कानात अजान म्हणायला मिळावी म्हणून चार दिवस रोज विचारत होता. माझ्या आईने मोतमाउलीला, म्हणजे वांद्र्याच्या मारिया मातेला, नवस बोलून वांद्र्याच्या डोंगरावरून मेणाचे बाळ विकत आणले होते. माउलीच्या देवळापाशी ज्या दुखण्यासाठी नवस असेल त्याच्याच आकाराचे मेण विकत मिळते, हात, पाय, घर आणि वीतभर लांबीचे बाळही. मुलगी घरी आल्यावरच ते माउलीपुढे ठेवायचे असे तिने ठरवले होते, म्हणून ते तिच्या पिशवीतच राहिले, आणि मेच्या उकाड्यात त्याची मान एका बाजूला कलली. ते पाहून तिला काय वाटले हे तिने आम्हाला सांगितले नाही. माझी सासू दर बुधवारी माहीमच्या चर्चमधल्या नोव्हेनाला, म्हणजे मारिया मातेच्या साप्ताहिक प्रार्थनेला, जात होती. १९४८ पासून चालत आलेल्या त्या नोव्हेनाला सगळ्या धर्मांची माणसे येतात, हे आपणही जाणताच. श्रद्धा औषधाच्या आड येते अशी ज्यांची समजूत असेल त्यांना मला एवढेच सांगायचे आहे की आमच्यापैकी एकानेही एकाही इंजेक्शनला नको म्हटले नाही. मुलीला डॉक्टरांनी वाचवले की देवाने, हा प्रश्न आमच्या घरात कुणी विचारीत नाही.

नवव्या रात्री दोनच्या सुमारास डॉक्टरांनी आम्हा दोघांना आत बोलावले आणि रक्तदाब उतरतो आहे, तयारीत राहा, असे सांगितले. मी जवळच्या पॅरिशच्या फादरना फोन केला. ते वीस मिनिटांत आले आणि खाली फाटकावर अडले : भेटीची वेळ संपलेली आणि पास एकाच माणसाचा. सुरक्षारक्षक उद्धट नव्हता. त्याच्याजवळ जो नियम होता तो तो पाळत होता. फादरांनी फाटकावरूनच फोनवर सांगितले की मरणाच्या दारात असलेल्या बाळाला कोणीही माणूस बाप्तिस्मा देऊ शकतो. देणारा ख्रिस्ती असलाच पाहिजे असेही नाही. चर्चला अभिप्रेत आहे ते करण्याचा हेतू मनात असावा, पाणी वाहावे आणि शब्द उच्चारावेत, एवढे पुरते. पेटीत हात घालण्याचा अधिकार त्या क्षणी फक्त ड्यूटीवरच्या परिचारिकेला होता. ती साताऱ्याकडची, गळ्यात मंगळसूत्र. तिने विचारले, “पाणी किती लागेल?” आणि मग, “नाव काय ठेवायचं?” आम्ही नाव ठरवलेच नव्हते. पत्नीने माझ्या आजीचे नाव सांगितले.

तिने हात धुतले, निर्जंतुक पाण्याची बाटली फोडली, दोन मिलिलिटरच्या सिरिंजमध्ये सुईशिवाय पाणी भरले आणि क्षणभर ती मुठीत धरून ठेवली, कारण बाळाला गार पाणी लागू नये. मग पेटीच्या गोल खिडकीतून हात घालून तिने कपाळावर तीनदा थेंब थेंब पाणी सोडले आणि माझ्या मागोमाग, अडखळत पण स्पष्ट, म्हटले की मी तुला पित्याच्या आणि पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते. लगेच कापसाने कपाळ टिपले आणि ती पुन्हा मॉनिटरकडे वळली. या सगळ्याला दोन मिनिटेही लागली नसतील.

महोदय, त्या रात्री ती परिचारिका भली निघाली. दुसरी कुणी भिऊन नाही म्हणाली असती तर तिला दोष देता आला नसता, कारण असे करावे की करू नये हे तिला कुणी लिहून दिलेले नाही. उलट उद्या कुणी तक्रार केली तर मेमो तिलाच मिळणार. गोवंडीच्या त्या मुलाच्या बापाला आत जायला मिळाले ते मूल गेल्यानंतर. त्याच्याकडे बघताना मला आमच्या नशिबाची लाज वाटली होती, आणि खरे तर हे पत्र मी त्याच दिवसापासून मनात लिहितो आहे.

आईबापांना आत घ्यावे ही मागणी काही मी नव्याने करत नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१७ साली आजारी नवजात बाळांच्या काळजीत कुटुंबाला सहभागी करून घेण्याविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. हात कसे धुवावेत, गाऊन कसा घालावा, बाळाला दूध कसे पाजावे आणि छातीशी कसे धरावे हे आईबापांना शिकवून त्यांना कक्षात घ्यावे, असे त्या सांगतात. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवण्याची कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोता शहरात सुरू झाली ती पेट्या पुरत नव्हत्या म्हणून. पुढे भारतासह पाच देशांत एक ते पावणेदोन किलोच्या आसपासच्या बाळांवर मोठा अभ्यास झाला आणि २०२१ मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला : बाळ स्थिरावण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच ही पद्धत सुरू केली तर पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी होतात. आमची मुलगी नेमकी त्याच वजनाची होती आणि तिच्या आईने तिला छातीशी पहिल्यांदा धरले ते चोविसाव्या दिवशी. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये याच मुंबईत, शीवच्या पालिका रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आईला कक्षाच्या आत मान देण्याची रीत या शहराला परकी नाही.

जंतुसंसर्गाचा आक्षेप खरा आहे, आणि आमच्या मुलीला तो झालेला असल्याने मी तो हलक्यावर घेणार नाही. संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्मस्वातंत्र्य देतानाच ते आरोग्याच्या अधीन ठेवले आहे, आणि ते मला पूर्ण मान्य आहे. प्राणवायू चालू असलेल्या कक्षात मेणबत्ती, उदबत्ती किंवा निरांजन नकोच. बाळाच्या अंगाला अंगारा, तेल किंवा बाहेरचे पाणी लागता कामा नये. पण हात धुतलेला, गाऊन घातलेला एक माणूस दहा मिनिटे पेटीशेजारी उभा राहून प्रार्थना करतो, अजान म्हणतो किंवा नुसते डोळे मिटतो, याला डॉक्टरांची हरकत नसेल तर फाटकाची का असावी?

म्हणून माझी विनंती अशी आहे की २०१७ च्या त्या सूचना मुंबईतल्या प्रत्येक सार्वजनिक रुग्णालयात बंधनकारक कराव्यात आणि आईला व बापाला रात्रंदिवस, उपचार चालू असतानाचा वेळ सोडून, कक्षात जाऊ द्यावे. बाळ अत्यवस्थ असल्याचे डॉक्टरांनी सांगितले की कुटुंब ज्याला बोलावील त्या धर्मगुरूला किंवा वडीलधाऱ्या माणसाला, कोणत्याही धर्माचा असो, पासाची आणि वेळेची अट न घालता वर सोडावे, आणि तसा लेखी आदेश फाटकावरच्या सुरक्षारक्षकाच्या हाती असावा. अशा वेळी मदत करणाऱ्या परिचारिकेला खुलासा विचारला जाणार नाही, हेही त्याच आदेशात असावे. टाके पडलेल्या बाईला बसण्यासाठी पाठ टेकता येईल अशी खुर्ची हवी, याला तर आदेशाचीही गरज पडू नये. पालिकेची रुग्णालये आयुक्तांकडे आणि वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत, हे उत्तर मला खिडकीखिडकीवर मिळाले आहे. या दोन्ही ठिकाणी आणि आपल्या विभागाच्या रुग्णालयांत एकच आदेश लागू व्हावा यासाठी पुढाकार आपणच घेऊ शकता, म्हणून हे पत्र आपल्याला लिहिले आहे.

मुलगी घरी आली तेव्हा १ किलो ९२० ग्रॅमची होती. मेणाचे बाळ माझ्या आईने, मान कललेलेच, माउलीपुढे ठेवले. एकदा झालेला बाप्तिस्मा पुन्हा देत नाहीत, म्हणून गोराईच्या चर्चमध्ये पवित्र तेलाचा अभ्यंग, पांढरे वस्त्र आणि मेणबत्ती हे राहिलेले विधी तेवढे झाले, आणि फादरांनी नोंदवही उघडली. तिच्यात संस्कार देणाऱ्याचे नाव लिहायचा एक रकाना असतो. पानावरच्या इतर सगळ्या ओळींत तिथे फादरांची नावे आहेत. आमच्या मुलीच्या ओळीत साताऱ्याकडच्या त्या परिचारिकेचे नाव, आडनावासह, लिहिलेले आहे.

आपण भेटीची वेळ दिलीत तर मी आणि माझी पत्नी मुलीला घेऊन मंत्रालयात येऊ. शाळेतून रजा मिळण्याची अडचण नाही, कोणताही वार चालेल.

आपला नम्र,
एका मुलीचा बाप आणि मराठी शाळेतला शिक्षक,
गोराई, मुंबई