यशाचा टक्का कुणाला वगळून काढला?

संपादक महाशय,

व्यसनमुक्ती केंद्रांच्या जाहिरातींतले यशाचे टक्के वाचले की मला माझी फोनची वही आठवते. घरी गेलेल्या रुग्णांची चौकशी करणं हे समुपदेशक म्हणून माझं काम होतं. नावापुढे ‘संपर्क नाही’ असा शेरा पडला की ते नाव हिशेबातून बाद होई. पण पुन्हा प्यायला लागलेला माणूसच अनेकदा फोन टाळतो! उपचार अर्धवट सोडून गेलेले तर वहीत येतच नसत. समजा १०० जण दाखल झाले, ४० टिकले, त्यांतले ३० सावरले. जाहिरातीत ७५ टक्के छापून येतं. खरं यश ३० टक्केच.

मोजायचं कधी, हाही प्रश्न आहेच. घरी सोडतानाचा आकडा फारसा कामाचा नाही. निदान वर्षभर पाठपुरावा हवा. शिवाय माणूस अगदी तळाला गेल्यावर दाखल होतो, तिथून काहीजण उपचारांविनाही थोडे वर येतात. म्हणून तुलनेसाठी ते उपचार न घेतलेला दुसरा गट लागतो.

अफूजन्य पदार्थ घेणाऱ्यांच्या बाबतीत तर हे जीवनमरणाचं आहे. नशा बंद असलेल्या काळात ती पचवण्याची शरीराची सहनशक्ती घटते, बाहेर पडल्यावर जुनाच डोस जिवावर बेततो. हे मृत्यूही केंद्राच्या हिशेबात धरले पाहिजेत.

आपल्या वृत्तपत्राने यशाचा टक्का छापताना दाखल किती झाले आणि किती जणांचा पत्ता लागला नाही, हे दोन आकडे केंद्राकडून मागून सोबत छापावेत.

– एक निवृत्त समुपदेशक